जळकं ऑइल ओतणं म्हणजे रहम नव्हे

लूत लागलेलं कुत्रं गल्लीत दिसलं की कुणीतरी गॅरेजमधून जळालेल्या ऑइलचा डबा आणतं. दुसरा रॉकेल सुचवतो, तिसरा फिनाईल. लांबूनच ते अंगावर फेकलं जातं, कुत्रं केकाटत पळतं आणि फेकणारा समाधानानं म्हणतो, ‘सवाब का काम है.’ माझा आक्षेप या शब्दाला आहे.

(मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. ‘लूत’ शब्द आला की मुलं हजरत लूत अलैहिस्सलाम यांचं नाव समजून गोंधळतात. इथं अर्थ आहे खारिश.)

लूत होते ती माइट नावाच्या, डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या किड्यांमुळे. सार्कोप्टिस हा माइट कातडीच्या आत बोगदे पोखरून अंडी घालतो. त्याची खाज भयंकर असते आणि ती जवळच्या माणसालाही लागू शकते. डेमोडेक्स हा दुसरा, तो केसांच्या मुळाशी राहतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की माजतो. शिवाय केस बुरशीनंही जातात, पिसवांच्या ॲलर्जीनंही. वरून सगळं सारखंच दिसतं. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते काही हौस म्हणून नाही.

आपण मात्र सगळ्यांवर एकच डबा ओततो. इंजिनात फिरून आलेल्या तेलात जड धातू आणि जळक्या इंधनाचे अवशेष असतात. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे ते सगळं पोटात जातं. रॉकेल आधीच सोललेली कातडी भाजतं, आणि चाटताना किंवा ओकताना फुप्फुसात गेलं तर जीवच घेतं.

‘पण अब्बांच्या काळी असंच बरं व्हायचं!’ हे उत्तर ठरलेलं आहे. पिल्लांच्या अंगावर डेमोडेक्सचे दोनचार चट्टे असतील तर ते बरेचदा काहीही न लावता जातात. श्रेय ऑइलला मिळतं. आणि जी कुत्री नाल्यापलीकडे जाऊन मेली, त्यांची मोजदाद कुणी ठेवली?

घरगुती ते सगळंच विष, असं नाही. गंधक माइट मारतं हे खरंच आहे. चुना-गंधकाचं द्रावण पशुवैद्यही वापरतात, पण मापानं पातळ करून. कडुनिंबाच्या पाण्यानं अंग धुतलं तर फार बिघडत नाही, फक्त कातडीच्या आत बसलेला किडा त्यानं मरत नाही. सर्वांत घातक म्हणजे घरात उरलेली माणसांची मलमं. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज थांबल्यासारखी वाटते आणि आत डेमोडेक्स किंवा बुरशी वाढत राहते.

आता खरं दुखणं. ऑइल का आवडतं? कारण ते लांबून फेकता येतं. कुत्र्याला हात लावायचा नाही आणि दया केल्याचं समाधानही हवं. हे फक्त आपल्या मोहल्ल्यात होतं असं नाही, डबा सगळीकडे फिरतो. पण आपण वर ‘नापाक’चं कारण पुढे करतो. कोकणातल्या आपल्या शाफई लोकांत कुत्र्याची नजासत कडक मानतात, हनफी मतात मुख्य प्रश्न लाळेचा. दोन्हीकडे धुऊन पाक होण्याची रीत सांगितलेली आहे. जनावराला जाळण्याची मुभा मात्र कुठल्याच मसलकमध्ये मला सापडलेली नाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना शिकवतो. त्यानं कुत्र्याला पाणीच दिलं, कारण त्याला तहान लागली होती. हाताशी सापडलं ते त्याच्यावर फेकलं नाही.

आणि आज तर हात लावायचीही गरज उरलेली नाही. खाण्यातून द्यायच्या अशा गोळ्या मिळतात ज्या माइट आतून मारतात. फोटो काढा, अंदाजे वजन सांगा, जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारा. गोळी कोणती आणि किती, ते त्यांना ठरवू द्या. गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिन अंदाजानं टोचणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. कोली जातीच्या कुत्र्यांना ते नेहमीच्या डोसातही मेंदूपर्यंत बाधू शकतं. कुत्र्याला जबरदस्तीनं धरूही नका. चावलंच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच रेबीजची लस घ्या.

गोळी कालच्या सालनात बुडवून देऊ नका. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. बिनमसाल्याचा, उकडलेला गोश्तचा तुकडा पुरे.