तीर मोर्चापुरता नको, मापाचा हवा



मोर्चात आपण तीर-कामठा खांद्यावर घेऊन चालतो. घोषणा देतो. शहरातले लोक थांबून बघतात, पेपरवाले फोटो काढतात. पण मोर्चातले ते तीर कधी हातात घेऊन बघा. बऱ्याच तिरांना पातं नसतं. काहींची पिसं गळालेली, काहींची दांडी वाकडी. दहा पावलांवरच्या केळीच्या खुंटालाही ते लागायचे नाहीत. आमचं म्हणणं असं की ही बारीक गोष्ट नाही. आपला तीर नुसता दाखवायचा झाला, तर जंगलावरचा आपला हक्कही नुसता बोलायचाच राहील.

आम्ही पोरं आश्रमशाळेत शिकलो, बारावीपर्यंत गेलो. तिथं तीर कसा करायचा हे कोणी शिकवलं नाही. आता बुजुर्गांजवळ बसून शिकतोय. जेवढं समजलं तेवढं लिहितो.

पहिली दांडी. बरू पिकलेला पाहिजे, हिरवा नको. कापून सावलीत वाळवायचा. मग निखाऱ्यावर फिरवत गरम करायचा आणि जिकडं वाकलाय त्याच्या उलट हळूच दाबायचा. एक डोळा मिटून टोकापासून बघायचं, परत शेकायचं. एका दांडीला असं दहा वेळा करावं लागतं. दोरीची खाच पेराला लागून ठेवायची, म्हणजे दांडी चिरत नाही. आणि दांडी कामठ्याला जुळली पाहिजे. कामठा कडक आणि दांडी लवचिक असली तर तीर सापासारखा वळवळत जातो. दांडी फार ताठ असली तर बाजूला फेकला जातो. म्हणून दुसऱ्याच्या कामठ्याचा तीर आपल्याला चालतोच असं नाही.

दुसरं पातं. पाखराला आणि मोठ्या जनावराला एकच तीर नसतो. डुकराची कातडी जाड, खांद्यावर तर आणखी जाड. त्याला रुंद पातं लागतं, दोन्ही बाजूंनी धार लावलेलं. पात्याचं शेपूट तापवून दांडीत बसवायचं आणि वरून ओली तात घट्ट गुंडाळायची. तात वाळली की आवळते. तिराचं वजन पुढं पाहिजे. बोटावर तोलला तर मधोमध तोलू नये, पात्याकडं सरकून तोलावा. जड तीर लांब जात नाही, पण खोल जातो.

तिसरी पिसं. एका तिराला एकाच बाजूच्या पंखाची पिसं लावायची. डावं-उजवं मिसळलं तर एक इकडं फिरवतं, दुसरं तिकडं. मग मऊ मातीच्या ढिगात तीर मारून बघायचा. शेपूट सरळ मागं राहिलं तर तीर जमला. दर वेळी एकाच बाजूला कललं तर परत निखाऱ्याजवळ बसायचं.

एवढी मेहनत कशासाठी? गोळी धक्क्यानं मारते, तीर कापून मारतो. बोथट पात्याचा, वाकडा तीर लागला तर जनावर मरत नाही, पळतं. झुडपात पडून सडतं, नाहीतर चवताळून गुरं राखणाऱ्या पोरावर येतं. म्हणून बुजुर्ग सांगतात: लांबून मारू नको, पळत्या जनावरावर सोडू नको, गाभण मादीला हात लावू नको, आणि तीर लागला तर माग काढल्याशिवाय घरी येऊ नको. ज्यानं एका तिराला दोन दिवस घालवलेत, तो उगाच सोडत नाही. तीर करणं आणि हात आवरणं आपल्याकडं एकाच वेळी शिकवलं जायचं. ते शिकवणं तुटलं, तिथं काही पोरं बाजारात मटण विकायला फासे लावायला लागली. हे आपलं नाही. त्यांच्यामुळं सगळ्या पाड्याला चोर म्हणायला जंगलखात्याला फावतं.

आता कायद्याचं बघू. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हत्यारांची यादी आहे. बंदूक, स्फोटकं, विष, फासे यांच्या रांगेत धनुष्यबाणही घातलाय. त्याच कायद्यात ‘मोठ्या शिकारी’चं लायसन होतं. सांबर, चितळ, नीलगाय, रानडुक्कर त्यात बसायचे. आपल्या पाड्यात ते लायसन कोणाकडं होतं? ज्याच्याकडं बंदूक आणि जीप, त्याच्यासाठीच ते होतं. १९९१ च्या दुरुस्तीनं ते बंद झालं. चांगलं झालं, आमची तक्रार नाही. पण जंगल उघडं पडलं ते ठेकेदाराच्या ट्रकांनी, आपल्या तिरांनी नाही, हेही लिहून ठेवा.

याच कायद्याचं ६५ वं कलम निकोबार बेटांवरच्या आदिवासींचे शिकारीचे हक्क राखून ठेवतं. म्हणजे आदिवासी आणि शिकार यांचं नातं दिल्लीला माहीत आहे. फक्त आपल्यापर्यंत आलं की तोच माणूस गुन्हेगार होतो.

आणि सगळ्यात कामाचं आहे ११ वं कलम. रात्रभर डुकरं मका आणि ज्वारी लोळवतात. तक्रार घेऊन गेलं की नाकेदार म्हणतो, “जमीनच अतिक्रमणाची, कसली तक्रार घेऊन आला?” पण कायदा म्हणतो की डुकरासारखं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झालं, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं नेमलेला अधिकारी त्याला मारायची लेखी परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत ‘कोणत्याही जमिनीवरचं उभं पीक’ धरलंय. कोणत्याही जमिनीवरचं! तिथं सातबारा मागितलेला नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे.

म्हणून आमचं मत असं की प्रत्येक पाड्यानं बैठक घेऊन या गोष्टी ठरवाव्यात:

एक. पीक लोळवलं की त्याच दिवशी पाच जणांच्या सह्या-अंगठ्यांनी लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. अर्जात ‘कोणत्याही जमिनीवरचं उभं पीक’ हे शब्द लिहायचे. हीच पोच उद्या आपण ती जमीन कसतो याचाही कागद होईल.

दोन. घरात टांगलेला तीर-कामठा हा गुन्हा नाही. गुन्हा झाला असं मानायला सबळ कारण असलं तरच घराची झडती घेता येते. कोणी कामठा उचलून नेला तर पंचनामा मागायचा, सही केल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. पण अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार न्यायचं नाही. उगाच त्यांच्या हातात केस द्यायची नाही.

तीन. फासे, सुरुंग आणि विकण्यासाठीची शिकार पाड्यानं स्वतः बंद करायची. दंड पाड्यानं ठरवायचा. जंगल आमचं म्हणतो, तर राखणही आमचीच.

चार. येत्या होळीच्या आत प्रत्येक पाड्यातल्या निदान पाच पोरा-पोरींनी बुजुर्गाजवळ बसून एक तरी मापाचा तीर करायचा. पुढच्या मोर्चाला तोच आणायचा.

काही साथी म्हणतात, लढाई आता कागदाची आहे, तिराचं काय काम? आम्ही म्हणतो कागद पाहिजेच. पण हे जंगल कोणाचं असं साहेब विचारेल तेव्हा बरू कुठल्या नाल्यावर मिळतो, कधी पिकतो, कोणत्या जनावराला कोणतं पातं लागतं, हे सांगणारा माणूस आपल्या बाजूला उभा पाहिजे. तसे बुजुर्ग आता थोडे राहिलेत. ते आहेत तोवर शिकून घ्या.

जंगल-जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!