कागद स्वच्छ, हवा मलिन

मोटारीच्या सायलेन्सरसारखा विषय वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आणण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांस पडेल. त्यांस आमचे उत्तर सरळ आहे. जी गोष्ट शहरातील लहानथोरांच्या झोपेला आणि श्वासाला एकाच वेळी हात घालते, ती क्षुल्लक मानण्यास आम्ही तयार नाही. रात्री दहानंतर निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल असावी, असे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. फर्ग्युसन रस्त्याच्या वा जंगली महाराज रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या कोणाही गृहस्थास विचारावे. या नियमाचे तेथे काय होते ते तो सांगेल. परंतु आवाज हा या प्रश्नाचा कानाला जाणवणारा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग कानाला ऐकू येत नाही आणि पुष्कळदा डोळ्यांनाही दिसत नाही. आज आम्हांस मुख्यतः त्याविषयीच लिहावयाचे आहे.

कारखान्यातून आलेल्या मोटारीची धूर बाहेर टाकणारी नळी काढून तेथे रुंद, चकचकीत, गर्जना करणारी नळी बसविण्याची हौस तरुण वर्गात वाढली आहे. इंजिनाला श्वास मोकळा मिळतो, शक्ती थोडी वाढते आणि आवाज भारदस्त होतो, असे या हौसेचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात, आणि यंत्राशी खेळण्याची ओढ आम्ही दुर्गुण मानीत नाही. देशाला चांगले कारागीर मिळतात ते अशाच ओढीतून. मात्र एकाच्या हौसेचे मोल दुसऱ्याने आपल्या फुप्फुसांनी का चुकवावे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचा विचार करताना एक भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. मोटारीच्या पोटाखालून जाणाऱ्या त्या नळीत दोन निरनिराळी कामे करणारे दोन निरनिराळे भाग असतात. इंजिनाच्या जवळ असतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. तापलेला वायू त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही विषांचा बहुतांश नाश होतो. डिझेल गाडीत काजळीचे सूक्ष्म कण अडविणारी गाळणी असते. सायलेन्सर येतो तो यांच्या मागे, शेपटाकडे, आणि त्याचे काम केवळ आवाज दाबण्याचे. कन्व्हर्टरला धक्का न लावता केवळ मागचा भाग बदलला, तर गाडीचा आवाज बदलतो, धुराचे रसायन जवळजवळ तेच राहते. कन्व्हर्टर किंवा गाळणीच काढून टाकली, तर मात्र गाडी तीस वर्षे मागे जाते. पहिल्या माणसाने शेजाऱ्याची झोप मोडली. दुसऱ्याने शेजाऱ्याच्या मुलाच्या छातीत विष भरले. आपला लोकव्यवहार आणि पुष्कळदा आपले पोलीसही या दोघांस एकाच मापाने मोजतात. किंबहुना पहिला पकडला जातो, कारण तो ऐकू येतो. दुसरा, आवाज न करता जाणारा, सहीसलामत सुटतो.

तीस वर्षे मागे जाते, असे आम्ही म्हटले ते अलंकारिक अर्थाने नव्हे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो 1 एप्रिल 1995 पासून. शिसे हे कन्व्हर्टरचे विष होय. म्हणून त्यासोबतच शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले आणि 2000 साली ते देशभर झाले. पुढे मानकांची एकेक पायरी चढत, पाचवी पायरी गाळून, 1 एप्रिल 2020 रोजी देशाने भारत स्टेज 6 गाठले. इंधनातील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत 50 वरून 10 वर आणण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांत अफाट भांडवल ओतावे लागले. हा सारा खर्च अखेर ग्राहकाच्या खिशातूनच गेला. पाव शतकाची ही कमाई गल्लीतल्या एखाद्या गॅरेजमध्ये दोन पान्यांनी तासाभरात उलटवता यावी, यापरते दुर्दैव ते कोणते?

येथे कोणी म्हणेल, मग पीयूसीची तपासणी कशासाठी आहे? प्रश्न रास्त आहे, म्हणून ही परीक्षा नेमके काय पाहते ते सांगितले पाहिजे. पेट्रोल गाडी जागेवर उभी करून, इंजिन मंद चालू ठेवून, तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. नव्या गाड्यांच्या बाबतीत इंजिनाचा वेग वाढवून आणखी एक मोजणी होते. डिझेल गाडीचा वेगवर्धक दाबून धूर किती गडद आहे ते पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे या परीक्षेत मोजलीच जात नाहीत. आणि ती तर इंजिनावर भार पडला म्हणजे, चढावर व वेगात, विशेष निर्माण होतात. डिझेलच्या धुरातील अतिसूक्ष्म कण धुराचा गडदपणा न वाढविताही असू शकतात. सारांश, दहा धड्यांच्या पुस्तकातील दोनच धड्यांवर प्रश्न विचारावयाचे आणि उत्तीर्ण झालेल्यास विषय पूर्ण आला असे प्रमाणपत्र द्यावयाचे, असा हा प्रकार आहे. ज्यांनी शाळेत फळ्यापुढे उभे राहून काही वर्षे काढली आहेत, त्यांस अशा परीक्षेचा परिणाम सांगावा लागत नाही. विद्यार्थी तेवढेच दोन धडे पाठ करतो.

बरे, हे दोन धडे तरी प्रामाणिकपणे तपासले जातात काय? पेट्रोल मोटारीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. कन्व्हर्टर काढलेली गाडी या मर्यादेत बसणे कठीण. म्हणजे परीक्षा कडकपणे घेतली तर पुष्कळ लबाडी तेथेच उघडी पडेल. परंतु दिल्लीच्या विधानसभेपुढे एप्रिल 2025 मध्ये ठेवण्यात आलेल्या नियंत्रक व महालेखापालांच्या अहवालाने या आशेवर पाणी ओतले आहे. उत्सर्जन मर्यादेबाहेर असूनही उत्तीर्ण ठरविलेल्या सुमारे 1 लाख 8 हजार वाहनांची नोंद त्या अहवालात आहे. एकाच केंद्रावर एकाच क्षणी एकाहून अधिक गाड्या तपासल्याचे चमत्कारही त्यात नमूद आहेत. अहवाल दिल्लीचा आहे हे खरे. परंतु रस्त्याकडेला उभ्या असलेल्या छोट्या व्हॅनमधून गाडीऐवजी कागदच तपासला जातो, हा अनुभव आमच्या वाचकांसही अगदीच अपरिचित नसावा.

आणि ही लबाडी केवळ गल्लीतल्या कारागिराची आहे असे समजण्याचे कारण नाही. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन या बलाढ्य जर्मन कंपनीवर जे आरोप ठेवले, ते जगाला ठाऊक आहेत. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती सभ्य होणारी आणि रस्त्यावर आली की नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या 40 पटींपर्यंत सोडणारी आज्ञावली तिच्या डिझेल मोटारींत बसविलेली होती. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांचा हा मामला होता. आपल्या देशात कंपनीने तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिला 500 कोटी रुपयांचा दंड ठोठावला; त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. परीक्षा अपुरी असली म्हणजे पदवीधर अभियंतेही ती चुकविण्याची विद्या शिकतात, हा या प्रकरणाचा बोध होय. तो बोध घेऊनच जगाने प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी सुरू केली आणि भारतातही 2023 पासून नव्या मोटारींना ती लागू झाली. परंतु ही कसोटी गाडी विक्रीस येण्यापूर्वीची. एकदा ती रस्त्यावर आली की पुन्हा तीच जुनी, दोन धड्यांची परीक्षा!

कायदा दुबळा आहे, असे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड सांगितला; आणि हवा व ध्वनी यांची मानके मोडणाऱ्यास 10 हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद व परवान्याची अपात्रता सांगितली. इतकी शस्त्रे भात्यात असताना आपण दृश्य कोणते पाहतो? जप्त केलेल्या सायलेन्सरांची रस्त्यावर रांग मांडावयाची, तिच्यावरून रोड रोलर फिरवावयाचा आणि छायाचित्रे काढावयाची. हा उपचार डोळ्यांना सुखावतो, यात शंका नाही. परंतु ज्या दुकानातून ती नळी उघडपणे विकली गेली ते दुकान दुसऱ्या दिवशीही उघडेच असते, आणि कन्व्हर्टर काढलेली शांत गाडी त्याच रोड रोलरच्या शेजारून डौलात निघून जाते.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्निया राज्यात बाहेरून बसविण्याचा उत्सर्जनाशी संबंधित सुटा भाग तेथील हवा संसाधन मंडळाने तपासून त्यास क्रमांक द्यावा लागतो. क्रमांक असलेला भाग कायदेशीर, नसलेला बेकायदा. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी गाडीखाली वाकून पाहतात. मुळात असलेला कन्व्हर्टर वा डिझेलची गाळणी जागेवर नसेल, तर धूर कितीही स्वच्छ दिसो, गाडी नापास. बेल्जियमने 2022 साली आणि नेदरलँड्स व जर्मनी यांनी 2023 साली डिझेल गाड्यांच्या तपासणीत धुरातील कणांची संख्या मोजण्यास प्रारंभ केला. यांपैकी एकही उपाय आपल्या आवाक्याबाहेरचा नाही. मोटारींच्या चाचण्यांत देशभर प्रमाण मानली जाणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था तर 1966 पासून आमच्याच शहरात आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. पीयूसी केंद्रावर नळीत काडी घालण्यापूर्वी गाडीखाली पाहणे सक्तीचे करावे. आधुनिक मोटारीचा संगणक आपल्या दोषांची नोंद स्वतःच ठेवतो. ती नोंद वाचल्याविना प्रमाणपत्र देऊ नये. डिझेल गाड्यांचे कण मोजावेत. कन्व्हर्टर काढून देणाऱ्या आणि संगणकास खोटी साक्ष शिकविणाऱ्या दुकानदारास मालकाइतकेच, किंबहुना अधिक, जबाबदार धरावे. आणि याच्या जोडीला, कन्व्हर्टरला हात न लावता मागचा भाग बदलू इच्छिणाऱ्या हौशी माणसास एक सरळ वाट मोकळी करून द्यावी: संस्थेने ध्वनी व धूर दोन्ही तपासून शिक्का मारलेला भाग विकत घ्यावा, त्याची नोंद वाहनाच्या पुस्तकात करून घ्यावी आणि उजळ माथ्याने गाडी चालवावी. जेथे प्रामाणिक हौशीस आणि लबाडास एकच दंड असतो, तेथे प्रामाणिक राहण्याचे प्रयोजन हळूहळू संपते.

तरुणांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. गाडीखाली काय आहे याचे ज्ञान तुम्हांस पोलिसापेक्षा अधिक आहे. म्हणूनच कागद कसा मिळवावा हे तुम्हांस ठाऊक असते. आणि त्या कागदाने हवा शुद्ध होत नाही, हेही ठाऊक असते. तुमच्या गाडीच्या मागे दिवसभर चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस, पदपथावर भाजी विकणारी बाई आणि शाळेच्या रिक्षात दाटीने बसलेली मुले यांच्यापैकी कोणीही तुमचे प्रमाणपत्र वाचत नाही. ते फक्त श्वास घेतात. शासनाने परीक्षा खरी करावी, हा आमचा आग्रह आहेच. परंतु परीक्षक झोपला असतानाही उत्तरपत्रिका स्वतः लिहिणारा विद्यार्थी ज्या वर्गात असतो, तोच वर्ग पुढे नावारूपास येतो.