डबी साधी, गोळी गोड

कॅनडातल्या परवानाधारक दुकानातून गांजा घेतला, की हातात येणारी डबी पाहून आपण औषधाच्या दुकानात तर आलो नाही ना, अशी शंका यावी. एकच सपाट रंग. चकाकी नाही. माणसाचे, प्राण्याचे, कार्टूनचे चित्र नाही. पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा आणि शेजारी लाल ठसा. त्यात गांजाचे पान आणि टीएचसी (गांजातले नशा आणणारे द्रव्य) ही तीन अक्षरे. हा ठसा किमान १.२७ सेंटिमीटरचा हवा. ब्रँडचे नाव इशाऱ्याच्या अक्षरांहून मोठे चालत नाही. नावाखेरीज एखादे बोधचिन्ह चालते, पण तेही लाल ठशाहून मोठे नको. ऐट, मौज, साहस सुचवणारे तर काहीच नको. डिझायनरच्या वाट्याला उरतो एक रंग आणि नखाएवढी जागा. त्यातून त्याने ब्रँडची ओळख घडवायची.

इतका बंदोबस्त कुणासाठी? लहान मुलांसाठी. डबीला झाकणही असे की मुलाला सहज उघडता येऊ नये. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर झाला तेव्हा हेल्थ कॅनडा या केंद्रीय आरोग्य खात्याने डबीची एकेक बाजू अशी बांधून घेतली. कौतुकच करावे.

वर्षभराने खाण्याच्या पदार्थांना परवानगी मिळाली. आता या डबीत डोकावू. आत जेलीची गोळी. बहुधा गुलाबी किंवा नारिंगी, वर साखर भुरभुरलेली, आंबटगोड. एका पाकिटात टीएचसी १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणून गोळ्याही मोजक्याच. मुलांना भुरळ पडेल असे तिचे रूप नसावे, असे कायदा म्हणतो. मग उत्पादकांनी काय केले? अस्वलाच्या आकाराची गोळी चालणार नाही ना? मग चौकोनी केली. चौकोनी दिसली म्हणून जेलीची गोळी तोंडात न घालणारे तीन वर्षांचे मूल कुणी पाहिले असेल तर कळवावे.

मूल डबी वाचत नाही. ते डबी पाहतही नाही. ज्याने ती विकत घेतली त्याने ती केव्हाच उघडलेली असते. एक गोळी खाल्लेली असते, दुसरी ओट्यावर किंवा पलंगाशेजारी राहिलेली असते. त्या क्षणी पिवळी चौकट, लाल ठसा, अक्षरांची मापे हे सगळे कचऱ्याच्या टोपलीत पोचलेले असते. उरते ती गोळी. आणि ती बोलते साध्या खाऊचीच भाषा.

हा केवळ तर्क नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२२ साली कॅनडातल्या चार मोठ्या प्रांतांचा अभ्यास आला. नऊ वर्षांपर्यंतची किती मुले गांजाच्या विषबाधेने रुग्णालयात दाखल झाली, हे त्यात पाहिले होते. ओंटारिओ, अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया या तीन प्रांतांत खाण्याचे पदार्थ विक्रीला आल्यानंतर हे प्रमाण कायद्याच्या आधीच्या तुलनेत साडेसात पट झाले. क्यूबेकमध्ये ते तीन पटींवर थांबले. देश तोच. डबीचे केंद्रीय नियम तेच. पिवळी चौकट, लाल ठसाही तोच. मग फरक कशाचा? क्यूबेकने गांजाच्या गोळ्या, चॉकलेट आणि मिठाई विकायलाच मनाई केली.

यावर ठरलेला बचाव असा, की खरा धोका बेकायदा मालाचा; प्रसिद्ध चॉकलेट-गोळ्यांची हुबेहूब नक्कल करणारी रंगीत पाकिटे काळ्या बाजारातून येतात. येतात, हे खरेच. अशी पाकिटे वाईट, यातही वाद नाही. पण काळा बाजार काय क्यूबेकच्या सीमेवर थबकतो? तीन पटींपर्यंत वाढ तिथेही झालीच. प्रश्न तीन आणि साडेसात यांच्यामधल्या अंतराचा आहे, आणि त्याचे उत्तर पाकिटाच्या रंगात सापडत नाही.

क्यूबेकच्या सरकारी दुकानांत गांजा घातलेले खाणे पुढे आले, ते बीट आणि फ्लॉवरच्या तुकड्यांच्या रूपात. हसू येईल. पण या साऱ्या उद्योगात मुलाचा विचार करून केलेले खरे डिझाइन कुठले असेल तर हेच. बाकीचे सगळे वेष्टन.

मार्च २०२५ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने डबीचे नियम थोडे सैल केले. आता झाकणाचा रंग डबीहून वेगळा चालतो. वाळवलेल्या गांजाची डबी पारदर्शक असली तरी चालते. उद्योगाला हायसे वाटले असेल. सरकार आणि उद्योग, दोघांचीही नजर अजून डबीवरच खिळलेली आहे.

कॅनडात ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडे लेकीसुनांच्या घरी सहा-सहा महिने राहायला जाणारे आजी-आजोबा आपल्याकडे आता थोडे नाहीत. घरात भाडेकरू असतात, मुलांचे मित्र येतात-जातात. ओट्यावर साखर लावलेली चौकोनी गोळी सुटी दिसली, तर नातवाच्या हातावर ठेवण्याआधी तिची डबी शोधा. नाही सापडली, तर गोळी टाकून द्या.