चहा कां हिंदकळतो ?

परवां सकाळीं आमच्या घरीं पाहुणे आले असतां नात स्वयंपाकघरांतून चहा घेऊन आली. ओसरीच्या उंबऱ्याशीं येतांच कप हिंदकळले व दोन्ही बशा भरल्या. "लक्ष कुठें असतें तुझें?" असें आम्ही तिला सर्वांदेखत बोललों. पोरीचा चेहरा उतरला. दुपारीं आम्ही स्वतः तसाच भरलेला कप घेऊन तीच वाट चाललों, आणि आमचीही बशी भरली!

याचा उलगडा अमेरिकेंतील दोन शास्त्रज्ञांनीं केला आहे. सांता बार्बारा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत हॅन्स मेयर व रुस्लान क्रेचेत्निकोव्ह यांनीं कॉफीचे कप माणसांच्या हातीं देऊन, त्यांस चालावयास लावून, २०१२ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. कपांतील द्रव हा झोपाळाच समजावा. त्यास स्वतःची लय असते. नेहमींच्या कपांत ती सेकंदास सुमारें २·६ ते ४·३ हेलकावे इतकी भरते. आपलीं पावलें सेकंदास एक ते अडीच पडतात. दोन्ही लयी एकमेकींच्या जवळ आल्या, कीं वेळेवर दिलेल्या लहानशा रेट्यानें झोपाळा जसा चढत जातो, तसा पावलागणिक कपांतील हेलकावा चढतो. त्यांत निघतांना बसलेल्या झटक्याची भर. म्हणून कॉफी पहिल्याच पावलास न सांडतां बहुधा सातव्या ते दहाव्या पावलाच्या दरम्यान सांडते. आमच्या स्वयंपाकघरापासून ओसरीचा उंबरा नेमका नऊ पावलांवर आहे!

उपाय साधे आहेत. कप कांठोकांठ भरूं नये, निघतांना घाई करूं नये आणि दृष्टि कपावर ठेवावी. जनकानें शुकास दुधानें भरलेलें पात्र देऊन नाचगाण्यांतून फिरविलें व एक थेंबही सांडला नाहीं, ही कथा वाचकांनीं प्रवचनांत ऐकली असेल. दृष्टि कपावर असतां सांडणें लांबतें, हें या प्रयोगांतही दिसलें. परंतु शुकाची एकाग्रता दहा वर्षांच्या मुलीकडून मागणें हा न्याय नव्हे.

तेव्हां घरांतील मुलींस व सुनांस बोल लावण्यापूर्वीं कप किती भरला होता, हें आधीं पाहावें. त्या दिवशीं "पाहुण्यांस चहा भरपूर द्या" असा हुकूम आमचाच होता. तसें आम्हीं नातीपाशीं कबूल केलें. पण पाहुणे तोंवर गेले होते, याची रुखरुख मात्र राहिली.