टाकी भरली, मोटार बंद!

नळाचं टायमिंग पाठ असणं ही आपल्या छत्रपती संभाजीनगरकरांची खासियत. पाणी जायकवाडीहून येतं, खालच्या हौदात पडतं आणि मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढतं. बऱ्याच सोसायट्यांनी मोटारीला ऑटोमॅटिक कंट्रोलर लावलाय. टाकी उतरली की मोटार चालू, भरली की बंद. आणि हौद कोरडा असेल तर चालूच होत नाही, नाहीतर मोटार जळायची!

बॉस, सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘सेल्फ-अ‍ॅडाप्टिव्ह सिस्टीम’ म्हणतात ना, ती हीच. बघा, समजून घ्या, ठरवा, करा. आयबीएमच्या जेफ्री केफार्ट आणि डेव्हिड चेस यांनी २००३ मध्ये हेच चक्र मांडलं. मध्यभागी ‘नॉलेज’, म्हणजे आपला तो कोरड्या हौदाचा नियम.

आता खरी गंमत. मोटार कुठल्या कंपनीची, याच्याशी कंट्रोलरला देणंघेणं नसतं. मोटार बदला, कंट्रोलर तोच. मायक्रोसर्व्हिसेसमध्ये मात्र आपण नेमकं उलटं करतो. लॉगिन, पेमेंट, ऑर्डर असे सुटे तुकडे पाडतो खरे, पण ‘लोड वाढला तर काय’ हे शहाणपण प्रत्येक तुकड्याच्या पोटात कोंबतो. पुढचं प्रोजेक्ट आलं की पुन्हा तेच लिहा! त्यापेक्षा निर्णय घेणारा भाग वेगळा काढा. प्रत्येक सर्व्हिसने दोनच गोष्टी द्यायच्या: माझी तब्येत कशी आहे ते सांगणारा सेन्सर आणि बाहेरून फिरवता येईल असं बटण.

पण जरा जपून. एकाच पातळीवर चालू-बंद ठेवलं, तर मोटार दर मिनिटाला धडधडणार. म्हणून टाकीला दोन खुणा असतात, वरची आणि खालची. गूगलने २०१४ मध्ये खुलं केलेलं कुबरनेटिस हेच ओळखतं. लोड उतरला तरी जादा कॉपी लगेच बंद करत नाही, मुळात ठरलेली पाच मिनिटं थांबतं. आणि हो, कॉपींची कमाल मर्यादा तुम्हीच घाला. क्लाउडचं बिल मशीन भरत नाही!

हे नीट जमलं नाही तर काय होतं, ते सेलच्या रात्री दोनला फोन उचलणाऱ्यांना विचारा. झोप आपलीच जाते, मंडळी.

सोमवारच्या डिझाईन मीटिंगमध्ये एवढंच विचारा: ‘ही मोटार बदलली, तर कंट्रोलर बदलावा लागेल का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर चहा मागवा. मीटिंग लांबणार आहे!