वनविहारांतील चढाओढ

मित्रमंडळीसह रानावनांत हिंडण्याचा छंद तरुणांत वाढत आहे, हें आम्हांस इष्टच वाटतें. मात्र मोहर्लीच्या वाटेस लागणाऱ्यांनीं एक भेद ध्यानीं धरावा. कात्रजहून सिंहगडास एका रात्रींत कोण आधीं पोंचतो, ही चुरस सह्याद्रींत शोभते. ताडोबाच्या गाभ्यांत प्रवाशास पायीं हिंडण्याची मुभा नाहीं. त्या वनांत वैशाखी पौर्णिमेस वनखातें हौशी मंडळीस मचाणावर बसवितें, आणि पाणवठ्यावर येणारीं जनावरें टिपावयाचीं असतात.

सकाळीं चहाबरोबर थट्टा रंगते: कोणाच्या वहींत अस्वलें अधिक, कोणाच्या वहींत गवे? परंतु एकच अस्वल दोनदां पाण्यावर आलें कीं वहींत त्याचीं दोन होतात! म्हणूनच २००६ पासून व्याघ्रगणनेची भिस्त छायाचित्रयंत्रांवर आणि पायीं शोधलेल्या खुणांवर आहे. अशा खुणा शोधतांनाच नोव्हेंबर २०२१ मध्यें ताडोबांत एक वनरक्षक भगिनी वाघिणीच्या हल्ल्यांत मृत्यु पावली.

आपण जें हौसेनें मोजतों, तें कर्तव्य म्हणून मोजतांना तिचे प्राण गेले. तेव्हां, वाचकहो, आपल्या घरचीं मुलें मचाणावर जावोत, चढाओढही करोत; पण आंकडा फुगवूं नये. रिकामी वही निःसंकोच दाखविणाऱ्यासही बक्षिसांत वांटा असावा, असें आम्ही सुचवितों.