बांधावरची शाळा बंद पडू देऊ नका

मृगाचा पाऊस झाला की पंधरा दिवसांत बांधावर टाकळा उगवतो. तो कुणी पेरत नाही, त्याला खत घालत नाही, त्याच्यासाठी सोसायटीचे कर्ज काढत नाही. पाठोपाठ कुर्डू येतो, केना येतो, घोळ येते, डोंगरउतारावर फोडशी येते, कुंपणावर करटोलीचा वेल चढतो. आपण या सगळ्याला एकच नाव ठेवले आहे: तण. आणि तणासाठी एकच उपाय शिकलो आहोत: फवारा.

या महिन्याच्या बैठकांसाठी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. काही कार्यकर्त्यांना तो हलका वाटेल. कांद्याचा भाव, कापसाची खरेदी, वीजबिल असे विषय असताना अग्रलेखात पालेभाजी कशाला, असे ते विचारतील. त्यांच्यासाठी आधीच सांगतो. रानभाजी खाऊन कर्ज फिटेल असे आम्ही म्हणत नाही. रास्त भाव मागणाऱ्या शेतकऱ्याला कुणी "पाला खाऊन राहा" असे सुनावले, तर त्याला उत्तर द्यायला आम्ही पुढे असू. आमचे म्हणणे निराळे आहे. शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या जमलेले एक भांडवल आपल्या डोळ्यांदेखत बुडते आहे. ते कोणत्याही सातबाऱ्यावर नाही, म्हणून त्याच्या बुडण्याची नोंदही कुठे होत नाही.

हे भांडवल म्हणजे ओळख. कोणते पान कोवळे असताना घ्यायचे, कोणता कंद कितीदा उकळायचा, कशाला आंबट लावायचे, हे ज्ञान बायकांकडे आहे आणि त्यातही म्हाताऱ्या बायकांकडे. १९७२ च्या दुष्काळात पालापाचोळ्यावर घर जगवलेली बाई तेव्हा विशीत असेल, तर आज तिने सत्तरी ओलांडली आहे. ती गेली की तिच्याबरोबर पन्नास-साठ वनस्पतींची शाळा जाते. शाळेची पायरी न चढलेल्या, अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, याचा आनंदच आहे. पण आपल्या गावातल्या राहीबाईला आपण कधी काही विचारले का?

विचारायला हवे, कारण हे ज्ञान अर्धे असले तर घात करते. शेवळाचेच पाहा. पावसाच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात शेवळाच्या जुड्या येतात. वरचे आवरण आणि आतला पिवळसर भाग काढून टाकायचा, उरलेले चिरून तेलावर परतायचे आणि काकडाची फळे, चिंच किंवा आमसूल घालून शिजवायचे. आंबट विसरले तर घसा खवखवून जेवण अर्धवट राहते. कडू कंदाच्या पातळ चकत्या करून, राख लावून, उकडून वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात. बांबूचे कोंब भिजवून, उकळून, ते पाणी फेकूनच भाजीला घ्यावे लागतात. टाकळा आणि कुर्डू फुलावर येण्याआधी खायचे. कळलावीचा कंद खाण्याच्या कंदासारखा दिसतो, पण तो जीव घेतो. इतके बारकावे कोणत्याही चित्रावरून कळत नाहीत. ते हाताखाली राहूनच शिकावे लागतात.

अळंबीच्या बाबतीत तर आम्ही हात जोडून सांगतो. वारुळावर उगवणारी अळंबी, जिला विदर्भात सात्या म्हणतात, ती वाळवीच्या आधारानेच वाढते. तिची लागवड अजून कुणाला साधलेली नाही, म्हणून श्रावणात तिला मोल येते. पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी छत्र्याही त्याच पावसात उगवतात. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किडे खातात ती चांगली, या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. उकळूनही जहाल जातींचे विष जात नाही. काही जातींचे विष तर सहा-बारा तास काही जाणवूच देत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये एखादा दिवस बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. अळंबी खाल्ल्यावर त्रास झाला तर थांबू नका. उरलेली अळंबी बरोबर घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठा. मोबाईलवर फोटो काढून नाव सांगणाऱ्या साधनांच्या भरवशावर एकही अळंबी पातेल्यात टाकू नका. ज्याला अळंबीची हौस आहे त्याने कृषी विज्ञान केंद्रात धिंगरी अळंबीचे प्रशिक्षण घ्यावे. ती भाताच्या, गव्हाच्या काडावर घरातच येते.

मग शिकायचे कुठे? पहिले गुरू गावात आहेत, ते वर सांगितले. दुसरी जागा बाजाराची. अलीकडच्या वर्षांत कृषी विभाग आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या सुमाराला जागोजागी रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे फीत कापणे आणि छायाचित्रे भरपूर असतात. ती आटोपली की मागे बसलेल्या बायांशी बोला, खरा महोत्सव तिथे असतो. तिसरी जागा जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग. फुलासकट फांदी नेली तर तिथले प्राध्यापक शास्त्रीय नाव सांगतात. त्यांचे अडले तर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. टाकळा विदर्भात तरोटा होतो, करटोलीची काटवल होते, फोडशीची कुलू होते. नावावरून गफलत होऊ नये म्हणून शास्त्रीय नावाचा उपयोग. मराठी विश्वकोशातील वनस्पतींच्या नोंदींत ते मिळते. थिओडोर कुक या आयरिश माणसाने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. परक्याने आपल्या झाडांची नोंद केली, आणि आपण आपल्या आईच्या भाज्यांची वही करू शकत नाही?

आता हक्काचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, कंदमुळे, औषधी वनस्पती असे गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार वनहक्कधारकांना दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. डोंगरपट्ट्यातील आमच्या कार्यकर्त्यांनी हा कायदा वाचावा, गावाला वाचून दाखवावा. कोवळ्या जुड्या डोक्यावर घेऊन दहा मैल चालणाऱ्या बाईला नाक्यावर दमदाटी आणि शहरात मात्र तीच भाजी हौसेच्या भावाने, हे आम्हाला मान्य नाही. शरद जोशींनी १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात सीताशेती आणि माजघरशेती मांडली, ती याच साठी: बाईच्या हातातले ज्ञान आणि प्रक्रिया तिच्याच मिळकतीची व्हावी. रानभाजी निवडून, वाळवून, लोणचे घालून विकणारी बाई उद्योजकच आहे. तिला दयेची गरज नाही, तिला बाजार मोकळा हवा.

एक शब्द फवाऱ्याबद्दल. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून शेतकरी तणनाशक मारतो. त्याला दोष देणारे शहाणे आम्ही नाही. पण बांध तरी सोडा. ज्या बांधावर ग्लायफोसेट किंवा टू-फोर-डी मारले, तिथली भाजी त्या हंगामात कुणी खुडू नये. आणि मारणाऱ्याने शेजारणीला तसे सांगावे, एवढी माणुसकी आपल्याकडे आहे.

प्रत्येक जिल्हा बैठकीसमोर आम्ही एक साधा ठराव ठेवत आहोत. येत्या पावसाळ्यात दर गावातून दोन जाणत्या बाया आणि दोन तरुण, मुलगा-मुलगी, असे चौघे निवडावेत. चौघांनी महिन्यातून एकदा शिवारफेरी करावी. एका वहीत स्थानिक नाव, उगवण्याची जागा, खुडण्याचा महिना, खायचा भाग, शिजवण्याची रीत आणि दिसायला सारखी असणारी विषारी वनस्पती लिहावी. सांगणारीचे नाव वहीवर तिच्या परवानगीने, मानाने असावे. दोघींचे एकमत झाल्याशिवाय कोणतीही वनस्पती खाण्याच्या यादीत जाऊ नये. सगळी उपटून न आणता पुढच्या वर्षासाठी मूळ आणि बी राखावे. दिवाळीनंतरच्या बैठकीला वह्या घेऊन या, आम्ही त्यांची पुस्तिका काढू.

यासाठी अनुदान लागत नाही, अर्ज लागत नाही, साहेबाची सही लागत नाही. म्हातारीच्या शेजारी बसायला एक दुपार लागते. पाऊस फार दिवस थांबत नाही आणि ती म्हातारीही फार दिवस थांबणार नाही.